संश्लेषित स्वरात एफ१ चुकतो: दोष संश्लेषणाचा की मापनाचा?

स्वनवेध:
प्राट या ध्वनिविश्लेषण सॉफ्टवेअरच्या क्लॅटग्रिड या संश्लेषकात स्थिर स्वर तयार केलाय. त्याचे फॉर्मंट (मुखमार्गाच्या अनुनादाच्या वारंवारता): एफ१ ४५० हर्ट्झ (बँडविड्थ, म्हणजे अनुनादाची रुंदी, ६०), एफ२ १८००, एफ३ २६००. एफ० (आवाजाची मूळ वारंवारता) ११० असताना प्राटच्या बर्ग पद्धतीने मोजल्यावर एफ१ ४४७ मिळतो. बाकी काहीही न बदलता एफ० २६० केला की तोच ५०० च्या वर जातो. शिवाय ३००० च्या पुढे मी न दिलेले फॉर्मंट उगवतात. सेटिंग नेहमीचं: ५ फॉर्मंट, कमाल वारंवारता ५५००, विंडो (एका वेळी मोजायचा ध्वनीचा तुकडा) ०.०२५ सेकंद. विंडो ०.०१ करूनही सुधारणा नाही. नेमकं कुठे चुकतंय?

मंद्र_सप्तक:
मापनात. एफ० २६० असताना ऊर्जा असते फक्त त्याच्या पटींवर, म्हणजे हार्मोनिकवर: २६०, ५२०, ७८०. ४५० वर काहीच नाही. एलपीसीला (बर्ग पद्धतीमागचं, अनुनाद शोधणारं गणित) शिखर दिसतं ५२० चं, आणि ध्रुव (त्या गणितातली अनुनादाची जागा) तिकडे ओढला जातो. ११० ला मात्र ४४० चा हार्मोनिक तुमच्या एफ१ला जवळजवळ चिकटून आहे. त्या ४४७ मध्ये पद्धतीचं कर्तृत्व कमी, योगायोग जास्त.

एफ० १०० ते ३०० पर्यंत ५-५ ने वाढवा आणि एफ१च्या मापात किती चूक येते त्याचा आलेख काढा. करवतीच्या दातांसारखा दिसेल. १५० आणि २२५ च्या पटीत ४५० येतो, तिथे चूक जवळजवळ नाहीशी. एफ० वाढेल तसे दात मोठे.

विंडोचं म्हणाल तर ०.०२५ दिल्यावर प्राट प्रत्यक्षात ०.०५ सेकंदांची गाउसियन (कडांकडे उतरत जाणारी) विंडो घेतो, म्हणजे २६० ला १३ आवर्तनं. ०.०१ केली तरी पाच उरतात. हार्मोनिक जातील कुठे?

ध्रुव_आणि_शून्य:
जास्तीच्या फॉर्मंटचं उत्तर सोपं आहे. दिलेत तीन, मागताय पाच. पाच फॉर्मंट म्हणजे दहा ध्रुव. उरलेले कुठेतरी बसणारच. एफ४ ३५०० आणि एफ५ ४५०० भरा, नाहीतर ३ फॉर्मंट आणि कमाल ३३०० ठेवून मोजा.

कमाल मर्यादा ५०-५० ने बदलत, जिथे मापांचं विचलन सर्वांत कमी तीच मर्यादा निवडायची पद्धत इथे वापरू नका. एफ० स्थिर असेल तर हार्मोनिकला चिकटलेलं चुकीचं मापही तितकंच स्थिर येतं.

स्वनवेध:
आलेख अगदी तसाच आला. मग उंच आवाजात खरा एफ१ काढायचा कसा?

मंद्र_सप्तक:
एफ० हलता ठेवा. ३०० मिलिसेकंदांत २०० वरून २५० वर चढवा. दुसरा हार्मोनिक ४०० ते ५०० असा सरकतो, माप आधी कमी, मग जास्त येतं आणि सरासरी ४५० च्या जवळ बसते. मापाची रेषा एफ० बरोबर चढताना दिसली की समजा, तुम्ही फॉर्मंट नाही, हार्मोनिक मोजताय.

दुसरा उपाय: घोष (स्वरतंतूंच्या कंपनाचा आवाज) बंद करून फक्त ॲस्पिरेशन (श्वासाचा आवाज) ठेवा आणि बऱ्याच फ्रेमची (मोजलेल्या तुकड्यांची) सरासरी घ्या. पण हे संश्लेषणापुरतंच. माणूस कुजबुजतो तेव्हा कंठद्वार उघडं असतं आणि एफ१ खरोखरच वर सरकतो.

ध्रुव_आणि_शून्य:
आणि तक्त्यात ५०७.३८ वगैरे लिहू नका. हार्मोनिक २६० च्या अंतरावर असताना दशांशाला अर्थ नाही. जवळच्या १० पर्यंत पूर्णांक करा. शेजारी एफ०, कमाल मर्यादा, फॉर्मंटची संख्या आणि विंडो द्या.