नानांच्या उपचाराबद्दल घरच्या ग्रुपवर झालेली चर्चा

दादा: प्रत्येकाला वेगळा फोन करण्यापेक्षा इथेच लिहितो. नानांच्या स्कॅनचा रिपोर्ट आला. प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत गेलाय. मणक्यात, खुब्यात आणि दोन फासळ्यांत डाग आहेत. यकृत आणि फुप्फुसं स्वच्छ आहेत. हार्मोन थांबवणारं इंजेक्शन आज दिलं. पुढे दोन रस्ते सांगितलेत. एक म्हणजे इंजेक्शनच्या जोडीला डॅरोलुटामाइडच्या (हार्मोनचा मार्ग अडवणाऱ्या) गोळ्या आणि सहा किमो. दुसरा म्हणजे ट्रायल, नव्या उपचाराची रुग्णांवरची चाचणी. त्यात इंजेक्शन, अबिरॅटेरोनच्या गोळ्या (त्याही हार्मोनचा मार्ग अडवतात) आणि त्यावर आणखी एक औषध. पण त्यासाठी गाठीच्या तुकड्याची जनुक तपासणी लागते, ती पाठवलीय. संमतीपत्र घरी वाचायला दिलंय.

आत्या: नाना, तू कसा आहेस रे?

नाना: पाठ दुखते, बाकी ठीक. तुम्ही मोकळेपणाने लिहा, मी सगळं वाचतोय. फक्त माझ्या मागे दुसरा ग्रुप काढू नका.

काका: मला तर सरळ दिसतंय. दोन औषधांपेक्षा तीन बरी. ट्रायलला हो म्हणून टाकू या.

वहिनी: काका, मी संमतीपत्र वाचलं. तिसरी गोळी कुणाला खरी मिळणार आणि कुणाला तशीच दिसणारी रिकामी, हे कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणार. डॉक्टरांनाही कळणार नाही. नानांच्या वाट्याला रिकामी आली तर? मला हे पटत नाही. आपल्या माणसावर प्रयोग कशाला?

ताई: काका, वहिनी, दोघांचेही मुद्दे महत्त्वाचे आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी काकांचं. औषधं जोडून फायदा होतो, हे खरंच आहे. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर वाढतो, ते बंद केलं की रोग आवळतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं. पुढे १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यानंतर कित्येक दशकं पसरलेल्या रोगावर पहिला उपचार तेवढाच होता. हार्मोन बंद करायचं आणि रोग त्याला दाद देईनासा झाला की मग पुढचं बघायचं. २००४ मध्ये डोसेटॅक्सेल या किमोने आयुष्य वाढतं हे सिद्ध झालं, पण तेही त्या शेवटच्या टप्प्यातच दिलं जायचं. मग कुणीतरी विचारलं, हेच सुरुवातीला हार्मोन उपचाराच्या जोडीला दिलं तर? चार्टेड नावाच्या ट्रायलमध्ये ७९० रुग्णांवर ते तपासलं. २०१५ च्या निकालात नुसत्या हार्मोन उपचारावर निम्मे रुग्ण ४४ महिन्यांपलीकडे जगले होते, किमो जोडल्यावर ५७.६ महिन्यांपलीकडे. रोग जास्त पसरलेल्यांत हाच फरक ३२.२ आणि ४९.२ महिने असा होता. औषध जुनंच होतं, फक्त वेळ बदलली आणि जोडीला दिलं.

नानांच्या फासळ्यांत डाग आहेत आणि एकूण चारपेक्षा जास्त आहेत. त्या ट्रायलच्या व्याख्येनुसार ते या ‘जास्त पसरलेल्या’ गटात येतात. म्हणूनच डॉक्टर किमोचं नाव घेतायत.

काका: मग मी तेच म्हणतोय ना.

ताई: थांबा काका, आता दुसरी बाजू. २०१७ मध्ये एका ट्रायलमध्ये कुणाला खरं औषध आणि कुणाला रिकामं, हे मधेच उघड करावं लागलं. रेडियम-२२३ हे हाडांतल्या कॅन्सरवरचं किरणोत्सारी इंजेक्शन आहे. ते एकटं उपयोगी ठरलं होतं, अबिरॅटेरोनही एकटं उपयोगी ठरलं होतं. दोन्ही एकत्र दिली तर आणखी चांगलं, असं सगळ्यांनाच वाटत होतं. ८०६ रुग्ण घेतले. जोडी मिळालेल्यांपैकी २९ टक्क्यांची हाडं मोडली, एकट्या अबिरॅटेरोनवर ११ टक्क्यांची. आयुष्य वाढलं नाहीच. ट्रायल नसती आणि डॉक्टरांनी आपापल्या अंदाजाने ही जोडी हजारो लोकांना दिली असती, तर हे कळलंही नसतं. ‘कॅन्सरच हाडात आहे, मोडणारच’ असंच म्हटलं गेलं असतं. मला हे उदाहरण फार महत्त्वाचं वाटतं.

त्यातून शिकून पुढच्या एका ट्रायलमध्ये रेडियम आणि एन्झालुटामाइड ही हार्मोनचा मार्ग अडवणारी गोळी देताना हाडं जपणारं औषध सक्तीचं केलं. २०२४ मध्ये तिचा निकाल आला. त्या जोडीने रोग थोपवून धरायचा काळ वाढला.

आत्या: पण दोन चांगली औषधं एकत्र आल्यावर बिघडतं कशामुळे?

ताई: आत्या, कारणं वेगवेगळी असतात. कधी दोन्ही औषधं एकाच रस्त्यावर नाकाबंदी करतात, मग दुसऱ्या शिपायाचा उपयोग होत नाही. एन्झालुटामाइड आणि अबिरॅटेरोन दोन्ही हार्मोनचाच मार्ग अडवतात. १३११ रुग्णांवर एकट्या एन्झालुटामाइडशी या जोडीची तुलना केली. आयुष्यात ठोस फरक पडला नाही, त्रास मात्र वाढला. शिवाय एन्झालुटामाइडमुळे शरीर अबिरॅटेरोन लवकर बाहेर टाकतं, असंही दिसलं. कधी दुसरं औषध या कॅन्सरला लागूच पडत नाही. पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्ती जागी करणारं औषध इतर काही कॅन्सरमध्ये खूप चाललं. एन्झालुटामाइडबरोबर ते देऊन पाहिलं, फायदा दिसण्याची शक्यता उरली नाही म्हणून २०२३ मध्ये ती ट्रायल थांबवली. आणि कधी औषध चालतं, पण काही जणांनाच. नानांचा प्रश्न या शेवटच्या प्रकारातला आहे.

वहिनी: आणि रिकाम्या गोळीचं काय?

ताई: वहिनी, रिकामी गोळी मिळणाऱ्याचा उपचार थांबत नाही. हार्मोनचं इंजेक्शन आणि अबिरॅटेरोन दोन्ही गटांना मिळणार, रिकामी असेल ती तिसरी गोळी. आणि खरी मिळाली म्हणजे नशीब उघडलं असंही नाही. ते आधीच माहीत असतं तर चिठ्ठ्या टाकायची परवानगीच मिळाली नसती. ट्रायलमधून कुठल्याही दिवशी, कारण न देता बाहेर पडता येतं आणि म्हणून पुढचा उपचार नाकारता येत नाही. हे संमतीपत्रात लिहिलेलं असतं, नक्की शोधा.

पण तुमच्या शंकेत एक खरा प्रश्न दडलाय. दोन्ही गटांना मिळणारा मूळ उपचार आजचा सर्वांत चांगला आहे का? अरासेन्स नावाच्या ट्रायलमध्ये तेराशेहून जास्त रुग्ण होते. सगळ्यांना हार्मोन उपचार आणि डोसेटॅक्सेल, निम्म्यांना वर डॅरोलुटामाइड. चार वर्षांनी तिन्ही औषधं मिळालेल्यांपैकी ६२.७ टक्के जिवंत होते, दुसऱ्या गटातले ५०.४ टक्के. निकाल चांगलाच आहे. पण नीट बघा, किमोवर गोळी चढवल्याने फायदा झाला, एवढंच यातून कळतं. नुसत्या इंजेक्शन आणि गोळीवर किमो चढवल्याने किती फायदा होतो, हे यातून कळत नाही, कारण तसा गटच नव्हता. कशाची तुलना कशाशी, हे प्रत्येक ट्रायलबद्दल पहिलं विचारायचं.

तर दादा, डॉक्टरांना हे विचार: ट्रायलमध्ये गेलं तर किमो हातची जाते का? काही ट्रायल्समध्ये आधी किमो घेऊन मग येता येतं. इथे चालत असेल तर निवड फार सोपी होईल.

दादा: लिहून घेतलं.

छोटू: ताई, मधेच कळलं की औषध चालत नाहीये, तरी पाच वर्षं देत बसतात का?

ताई: नाही रे. ट्रायल चालवणाऱ्यांपासून वेगळी एक समिती असते, तिला मधल्या टप्प्यांवर आकडे उघडून दाखवतात. नुकसान दिसलं किंवा फायद्याची आशा उरली नाही तर ती थांबवायला सांगते. ब्रिटनमध्ये २००५ साली स्टॅम्पीड नावाची ट्रायल सुरू झाली, ती तर यासाठीच बांधलेली होती. एकाच वेळी अनेक जोड्या तपासायच्या, न चालणारी शाखा मधेच बंद करायची, नवीन जोडायची. सेलेकॉक्सिब या सूज-वेदना कमी करणाऱ्या औषधाची शाखा अशीच लवकर बंद झाली. डोसेटॅक्सेल आणि अबिरॅटेरोन लवकर सुरू करण्याचा फायदा त्याच ट्रायलमध्ये दिसला.

नाना: सगळं समजलं. मला एकच सांग. माझी किती वर्षं?

ताई: नाना, ते कुणालाच सांगता येणार नाही, आणि मी तुम्हाला अंदाज देणार नाही. वरचे महिने म्हणजे जिथे निम्मे लोक मागे राहिले आणि निम्मे पुढे गेले ती रेघ. पुढे गेलेल्यांत कितीतरी वर्षं जगणारेही असतात. पहिले काही महिने पीएसए, म्हणजे रक्तातलं प्रोस्टेटचं प्रथिन, किती खाली येतो, यावरून तुमच्याबद्दल थोडं जास्त कळेल.

नाना: ठीक. पण झोपून काढलेली वर्षं मला नकोत. चालता आलं पाहिजे, माझं मला करता आलं पाहिजे. हे तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवा.

आत्या: ठेवू रे नाना.

ताई: नाना, हे डॉक्टरांनाही याच शब्दांत सांगा. ट्रायलमध्ये नेमकं काय मोजतायत ते विचारा. स्कॅनवर रोग सरकायला किती वेळ लागतो तेवढंच, की आयुष्य आणि दुखणं, थकवाही? रुग्णाकडून वेळोवेळी प्रश्नावली भरून घेत असतील तर चांगलं लक्षण आहे.

आता जनुकांचं. ट्रायलमधलं औषध पार्प नावाचं पेशीतलं प्रथिन रोखणारं आहे. पेशीतला डीएनए सतत तुटतो आणि दुरुस्त होतो. बीआरसीएसारखी जनुकं मोठ्या तुटी सांधतात, पार्प लहान तुटी. ज्या कॅन्सरपेशीत बीआरसीए आधीच बिघडलंय, तिथे पार्पही अडवलं की पेशी मरते. बीआरसीए शाबूत असेल तर पेशी तग धरते. म्हणूनच निरापॅरिब (हेही पार्प रोखणारं) आणि अबिरॅटेरोनच्या एका ट्रायलमध्ये दोष नसलेल्यांचा गट लवकर बंद केला. अमेरिकेच्या नियंत्रकांनी २०२३ मध्ये ओलापॅरिब (तसंच औषध) आणि अबिरॅटेरोनची जोडी मंजूर केली, तीही फक्त बीआरसीए दोष असलेल्यांसाठी. तपासणीत दोष निघाला नाही तर ट्रायलचा विषयच संपतो, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. या औषधांनी रक्त बरंच कमी होतं, काहींना रक्त चढवावं लागतं. नको असलेला त्रास वाचेल.

आणि दोष निघालाच, तर तो फक्त गाठीत आहे की जन्मापासून सगळ्या शरीरात, हे वेगळ्या तपासणीने बघावं लागेल. २०१६ च्या एका अभ्यासात पसरलेला प्रोस्टेट कॅन्सर असलेल्या ६९२ पुरुषांपैकी ११.८ टक्क्यांत असा जन्मजात दोष सापडला होता.

आत्या: म्हणजे माझ्यातही असू शकतो?

ताई: हो आत्या. नानांत जन्मजात निघाला तर सख्ख्या भावंडांत आणि मुलांत असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी. म्हणजे तू, काका, मी आणि दादा. बीआरसीएचा दोष असेल तर बायकांना स्तनाचा आणि अंडाशयाचा धोका वाढतो. आधी कळलं तर लवकर तपासण्या सुरू करता येतात. नानांचा रिपोर्ट येऊ दे, मग आपण दोघी जनुकांच्या समुपदेशकाकडे जाऊ.

काका: मीही येतो. बरं, मी नानासाठी प्रतिकारशक्तीच्या वनस्पतींच्या कॅप्सूल आणून ठेवल्यात, त्या तरी सुरू करू ना?

ताई: काका, तुमची कळकळ कळते, पण कृपा करून नको. अशा गोळ्या इतर औषधांशी भांडू शकतात. अबिरॅटेरोन रिकाम्या पोटीच घ्यायचं असतं, बरोबर प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड लागतं, रक्तदाब, पोटॅशियम आणि यकृताच्या तपासण्या ठरल्याप्रमाणे व्हाव्या लागतात. त्यात यकृत बिघडलं तर कशामुळे बिघडलं हेच कळणार नाही, आणि चालणारं औषध बंद करावं लागेल.

काका: बरं. नाही देत.

वहिनी: मला एकच भीती राहिलीय. जनुकांच्या रिपोर्टची वाट बघण्यात किमो लांबली तर?

ताई: हार्मोनचं इंजेक्शन सुरू झालंय, म्हणजे उपचार सुरू झालाय. चार्टेडमध्ये इंजेक्शन सुरू झाल्यापासून १२० दिवसांपर्यंत रुग्ण घेतले होते. म्हणजे काही आठवडे थांबता येतं, पण अमुक तारखेपर्यंत रिपोर्ट नाही आला तर किमो सुरू, असं डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्या. आणि पाठ एकदम जास्त दुखली, पाय बधिर झाले, ताकद गेली किंवा लघवी अडकली तर रात्र असली तरी लगेच निघा. मणक्यातला डाग मज्जारज्जूवर दाब देऊ शकतो, त्यात तास महत्त्वाचे असतात.

दादा: पाठ कालपेक्षा वाढलेली नाही, आत्ताच विचारलं. पायही ठीक आहेत. मंगळवारची वेळ मिळालीय. किमोचं आणि तारखेचं आधी विचारतो. हाडांच्या घनतेची तपासणी आणि हाडं जपणारं औषध, तेही यादीत घातलंय.

नाना: माझ्या रक्तदाबाच्या आणि रक्त पातळ करायच्या गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो पाठवतोय. ताई, तूही मंगळवारी फोनवर राहा. संमतीपत्र मी स्वतः पूर्ण वाचून येणार आहे, सही त्यानंतरच.