दुसऱ्याच्या ताटात अडकलेलं मन

मी: सगळे पोचलात का घरी? मला एक बोलायचंय. आजचं जेवण छान झालं, पण माझं मन सगळा वेळ ताईच्या ताटात अडकलं होतं. तिचं ताट आलं, झाकण उघडलं, वास आला आणि पोटात कालवलं, की अरे, आपण हेच मागवायला हवं होतं. माझं काही वाईट नव्हतं. तरी शेवटच्या घासापर्यंत रुखरुख राहिली.

ताई: अगं, मग बोलायचंस ना! अर्धं दिलं असतं.

मी: दोन घास दिलेस की. त्यानंतर तर जास्तच वाटायला लागलं.

दादा: मलाही दर वेळी होतं हे. वेटर दुसऱ्याचं ताट घेऊन शेजारून गेला तरी होतं.

आत्या: याला कारण आहे. आहारावर संशोधन करणाऱ्या बार्बरा रोल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये यावर प्रयोग केले होते. आपण जो पदार्थ खात असतो त्याची गोडी खाता खाता कमी होत जाते, पण न खाल्लेल्या पदार्थाची फारशी कमी होत नाही. म्हणजे आपलं ताट अर्धं संपेपर्यंत समोरच्याचं जास्त चांगलं वाटायला लागणारच. तुम्ही दोघींनी सुरुवातीलाच ताटं बदलली असती, तर तुला तिचंही हळूहळू तसंच वाटलं असतं.

वहिनी: आत्या, तुमचं पटतंय. पण हिला तर एकही घास खायच्या आधीच वाटलं ना? त्याचं काय?

आत्या: हो, तेही खरं. ते यात बसत नाही.

मी: खरं सांगू का? मेन्यूकार्ड बघतानाच मी तेच ठरवलं होतं. पण ताईने आधी सांगून टाकलं. मग वाटलं, दोघींनी एकच कशाला मागवायचं? वेटर माझ्याकडे वळला आणि तोंडातून भलतंच निघालं.

वहिनी: हेच म्हणत होते मी! डॅन अरिएली आणि जोनाथन लेवाव या संशोधकांचा २००० सालचा अभ्यास आहे यावर. टेबलावरच्या लोकांना बिअरचे नमुने देऊ केले. काही टेबलांवर एकेकाने सगळ्यांसमोर मोठ्याने सांगायचं, काही टेबलांवर प्रत्येकाने गुपचूप चिठ्ठीवर लिहायचं. मोठ्याने सांगणाऱ्यांनी एकमेकांपेक्षा वेगळं घेतलं आणि नंतर ते कमी खूश होते. फक्त सगळ्यात आधी सांगणारा माणूस चिठ्ठीवाल्यांइतकाच खूश होता, कारण त्याला कुणाचं ऐकून बदलावं लागलं नाही. हाँगकाँगमध्ये मात्र उलटं दिसलं, तिथे लोक दुसऱ्यासारखंच मागवायला लागले.

ताई: म्हणजे आज मी पहिली बोलले म्हणून माझं जेवण छान झालं 😔 मला खरंच माहीत नव्हतं गं.

काका: पण वेगवेगळं मागवण्यात काय चुकलं? चार प्रकार आले की सगळ्यांना सगळं चाखता येतं. मला तरी तेच आवडतं.

वहिनी: काका, मग सगळं मधे ठेवून वाटून घेऊया, तसं आधीच ठरवून. आपण मागवताना वाटून घ्यायचा विचार करतो आणि खाताना आपापलं ताट पुढे ओढतो. मग ज्याने दुसऱ्यांसाठी बदललं त्याच्या वाट्याला न आवडणारं पूर्ण ताट येतं.

काका: हं. हे बरोबर आहे.

दादा: एक लक्षात आलं का? आई कायम शेवटी सांगते. "तुम्ही सगळे काय घेताय ते कळू दे, मग मी बघते."

मी: आणि मग जे कुणीच घेतलेलं नसतं ते घेते. लहानपणापासून बघतेय मी हे. आणि त्यातलं अर्धं आम्हीच चाखून संपवतो.

काका: अहो, पोरांच्या आई, आहात का? तुमच्याबद्दलच चाललंय.

आई: वाचतेय सगळं. मला काहीही चालतं रे. तुम्हाला एक चव जास्त मिळते, एवढंच.

ताई: आई, खरं सांग. आज तुला काय हवं होतं?

आई: जाऊ दे आता.

ताई: नाही, सांग.

आई: तुझं होतं तेच.

मी: आई!! म्हणजे तिघींना एकच हवं होतं आणि मिळालं फक्त एकीला.

दादा: मला फार वाईट वाटतंय. इतकी वर्षं आम्ही "आई, तुझं दे ना जरा" म्हणत हात पुढे करतोय आणि तिने स्वतःसाठी ते मागवलेलंच नसायचं.

आत्या: पुढच्या वेळी वेटर आला की आधी हिला विचारायचं. बाकीच्यांनी तोवर तोंड उघडायचं नाही.

वहिनी: आणि एकच पदार्थ तिघांनी मागवला तरी कुणी "अरे, तेच तेच" म्हणायचं नाही. दादाला सांगतेय मी हे.

दादा: मान्य. शब्द देतो.

ताई: आई, पुढच्या रविवारी तिथेच जाऊया. तू पहिली सांगणार. ठरलं?

आई: बरं बाई, मी तेच सांगेन. पण तुम्ही दोघी माझं ऐकून आपलं बदलू नका हं.