फेडरर-जोकोविच: २७-२३ने काय सिद्ध होतं?

हिरवळ
टेनिसमध्ये दोघांच्या आपसांतल्या मॅचेसचा हिशेब देत काल इथे कुणीतरी लिहिलं, 'जोकोविच २७, फेडरर २३, विषय संपला.' कसा संपला? २०१९च्या विम्बल्डन फायनलचे आकडे बघा. पॉइंट फेडररचे २१८, जोकोविचचे २०४. गेम ३६-३२, विनर्स (समोरच्याला न पोचलेले विजयी फटके) ९४-५४, एस (थेट पॉइंट देणारी सर्व्हिस) २५-१०, ब्रेक (समोरच्याच्या सर्व्हिसवर जिंकलेले गेम) ७-३. खात्यावर मात्र फक्त एक हार!

सेकंड सर्व्ह
टेनिसमध्ये पॉइंटची बेरीज करून निकाल लागत नाही. बरोबरीत अडकलेल्या सेटचा निकाल लावणारे टायब्रेक झाले ७-५, ७-४, ७-३. म्हणजे तिथे जोकोविच २१, फेडरर १२. ते वगळले तर फेडरर २०६-१८३ पुढे. मग ही आघाडी कामी का आली नाही? सेट ६-१ घ्या नाहीतर ७-६, धरतात एकच. शेवटच्या सेटमध्ये ८-७, ४०-१५, सर्व्हिस स्वतःची. फेडररने दोन मॅच पॉइंट (जिंकला की मॅच खिशात, असे पॉइंट) घालवले, यात रेकॉर्डचा काय दोष?

ड्यूस
दोष वेगळाच आहे. २०१४ला लंडनमधल्या एटीपी या वर्षअखेरच्या स्पर्धेची फायनल फेडररने पाठदुखीमुळे सुरू होण्याआधीच सोडली. विजेतेपद जोकोविचला मिळालं, पण हिशेबात ती मॅचच नाही. खरं तर २८-२३ हवं.

हिरवळ
एकही सर्व्हिस पडली नाही तर मॅच कसली? सुरू झाल्यावर सोडली की हार, आधी सोडली की वॉकओव्हर. नियम सगळ्यांना सारखाच. २००७च्या विम्बल्डनला चौथ्या फेरीत हासने माघार घेतली, फेडररच्या १२५१ विजयांत तोही धरलेला नाही.

ड्यूस
आणि २०१९चं रोम? २०२१चं फ्रेंच ओपन? फेडररने माघार घेतली म्हणून सिसिपास आणि बेरेत्तिनी न खेळता पुढे गेले, फेडररच्या २७५ पराभवांत त्यांची नोंद नाही. 'फेडररने एकही मॅच अर्धवट सोडली नाही' असं तुम्ही चाहते मिरवता, तेव्हा न खेळता सोडलेल्या मॅचेसही सांगत जा.

हिरवळ
दुखापत झालेल्या माणसाला पळपुटा ठरवताय?

ड्यूस
तो शब्द तुमचा. माझ्या तोंडी घालू नका.

सेकंड सर्व्ह
वॉकओव्हर पुरे आता. ग्रँड स्लॅममध्ये ११-६ जोकोविच. २०१२च्या विम्बल्डन सेमीफायनलनंतर तिथे फेडररला त्याच्यावर एकही विजय नाही.

हिरवळ
ते मान्य, करावंच लागतं. पण २०१०अखेर फेडरर १३-६ पुढे होता. तिशी उलटल्यावर पारडं फिरलं. दोघांच्या वयात जवळजवळ सहा वर्षांचं अंतर आहे, ते कोण मोजणार?

सेकंड सर्व्ह
मोजा की, पण दोन्हीकडून. पहिल्या चार मॅचेस फेडररने जिंकल्या तेव्हा जोकोविच १८-१९ वर्षांचा होता. ते चार विजय ठेवायचे आणि ३७व्या वर्षीचा विम्बल्डनचा पराभव तेवढा वयाच्या नावावर टाकायचा, हे चालणार नाही.