सभागृह भरतं, तरी ऑर्केस्ट्रा तोट्यात कसा?

मंद्रसप्तक:
फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रासारख्या नावाजलेल्या संस्थेला एप्रिल २०११ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. नाटकाचं गणित कळतं: चाललं की प्रयोग वाढवा, खर्च वसूल. इथे ते का जमत नाही? आणि जाहिरात नेमकी कशाची करतात?

फडताळ:
नाटक एकदा बसवलं की शंभर प्रयोग होतात. सिंफनीचा कार्यक्रम आठवड्याला बदलतो. साधारण चार तालमी, तीन-चार प्रयोग, की संपलं. वादक मात्र पगारावर. बीथोव्हनच्या पाचव्या सिंफनीला १८०८ मध्ये जेवढा वेळ आणि जेवढी माणसं लागली, जवळपास तेवढीच आजही लागतात. पगार मात्र बाकीच्या जगाबरोबर वाढतात. बॉमोल आणि बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी हे १९६६ मध्येच मांडून ठेवलंय. अमेरिकेत तिकिटांतून बहुतेकदा निम्मा खर्चही निघत नाही, उरलेला भार देणग्या आणि कायम निधीवर, म्हणजे मुद्दल राखून ज्याचं उत्पन्न वापरतात त्या ठेवीवर.

त्यात कार्यक्रम कोणता, यावर खर्च हलतो. संगीतकार मालरची तिसरी सिंफनी लावली की आठ हॉर्न (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य), शिवाय बायकांचा आणि मुलांचा कोरस. पदरी हॉर्नवाले चार-पाच, बाकीचे रोजंदारीवर. स्वामित्वहक्क शिल्लक असलेल्या रचनेची स्वरलिपी प्रकाशकाकडून भाड्याने आणायची. ती उशिरा आली तर व्हायोलिनसारख्या वाद्यांवर गज कुठे वर, कुठे खाली ओढायचा याच्या खुणा करायला वेळ उरत नाही आणि पहिली तालीम त्यातच जाते.

तिकीटखिडकी:
जाहिरातीचं बोलतो. वसंताच्या आसपास पुढच्या सप्टेंबरपासूनचा हंगाम जाहीर होतो. जुन्या वर्गणीदारांना, म्हणजे हंगामातल्या अनेक मैफलींची तिकिटं एकदम घेणाऱ्यांना, आधी त्यांचीच खुर्ची राखून नूतनीकरण, मग नवे वर्गणीदार, सुटी तिकिटं शेवटी. हा क्रम मोडला की जुनी माणसं बिथरतात.

खरी गळती वेगळीच आहे. पहिल्यांदा आलेला माणूस दुसऱ्यांदा येत नाही. पडद्यावर सिनेमा आणि खाली ऑर्केस्ट्रा, अशा कार्यक्रमाला सभागृह भरतं. पण त्या लोकांना दुसऱ्या दिवशी वीस मैफलींचं जाडजूड माहितीपत्रक धाडणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन दिवसांत एकच तारीख, एकच ओळखीची रचना, एकच दर कळवावा. आणखी एक: एकाने चार तिकिटं काढली तर बाकी तिघांचे संपर्काचे पत्ते हातचे जातात. दारात कोड स्कॅन करून ते घ्यावेत.

मंद्रसप्तक:
मग व्हिएन्ना फिलहार्मोनिक या ऑर्केस्ट्राला कसं परवडतं?

फडताळ:
ते वादक व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरातले, पगार तिथला. फिलहार्मोनिक ही त्यांची स्वतःची संघटना, कारभारही तेच बघतात. वर नववर्षाची मैफल जगभर दिसते. ही तजवीज दुसरीकडे उचलून नेता येत नाही. मुंबईत एनसीपीएने (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) २००६ मध्ये सुरू केलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा मार्ग वेगळा: ठरावीक हंगाम, आणि बरेच परदेशी वादक तेवढ्यापुरते. बारमाही पगाराचा बोजा त्याने हलका होतो.

तिकीटखिडकी:
भित्तीपत्रकावर एकट्या एकलवादकाचा फोटो टाकू नका. तो आजारी पडला की तिकीट परत मागणाऱ्यांची रांग लागते. रचनेचं नाव मोठं, माणसाचं त्याखाली. आणि तालमीची चित्रफीत टाकण्याआधी वादकांच्या संघटनेशी झालेल्या करारात किती मिनिटांची मुभा आहे ते वाचा. त्यापुढे मानधन लागू होतं.