विहिरीत टीसीएल टाकूनही गॅस्ट्रो का?

एकांनी लिहिलंय, विहिरीत दोन ओंजळी टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकूनही जुलाबाचे रुग्ण थांबत नाहीत. ओंजळीनं हे काम होत नाही, पाणी मोजावंच लागतं. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये घ्या, त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीनं गुणा आणि परत 785 नं गुणा, लिटर मिळतात. व्यास 4 आणि पाणी 3 मीटर असेल तर साधारण 37,700 लिटर. हजार लिटरला 5 ग्रॅम पावडर, म्हणजे जवळपास 190 ग्रॅम.

पावडर थेट विहिरीत फेकू नका. एका बादलीत 100 ग्रॅमच्या वर नको. आधी थोड्या पाण्यात कालवून गुठळ्या मोडा, मग बादली पाऊण भरून ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओता. ती बादली दोरानं पाण्याखाली सोडून वरखाली, आजूबाजूला हिंदकळवा. चुना विहिरीत गेला तर पाणी जड होतं.

तासभर पाणी शेंदू नका. नंतर ओटी टेस्ट, म्हणजे ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन किती उरला ते बघायचं. पिवळा रंग तपासणी पेटीतल्या 0.5 पीपीएमच्या (लिटरला अर्धा मिलिग्रॅम क्लोरीन) खणाशी जुळला पाहिजे. रंगच आला नाही तर पहिला संशय पावडरीवर घ्या: ग्रामपंचायतीच्या ओल्या खोलीत उघडं पोतं राहिलं की क्लोरीन उडून जातो आणि उरतो नुसता चुना. मृगाच्या पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ असतं, तेव्हा गाळच क्लोरीन खातो; नेहमीचा डोस पुरत नाही. त्या दिवसांत तरी टेस्ट रोज करा, हात जोडून सांगतो.