आयसरची शेवटची लिस्ट पण गेली, आता फिजिक्सचं पुस्तक उघडवत नाही

ऐरोलीची_पोर
नमस्कार सगळ्यांना, इथे बरेच सायन्सवाले दिसतात म्हणून लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या. यंदा बारावी झाली. अकरावीपासून डोक्यात एकच, आयसर (सायन्स शिकायची आणि रिसर्चची सरकारी संस्था), त्यातही पुणे, नाहीतर मग कलिन्याचं सीईबीएस, तेही तसंच सायन्सचं सेंटर, म्हणजे निदान घरून जाता येईल. आयसरसाठी आयएटी दिली, सीईबीएससाठी नेस्ट दिली. आयएटीला 60 प्रश्न, 240 मार्क, फिजिक्स मस्त गेलं, मॅथ्स ठीक, पण बायो मी दहावीनंतर सोडलेलं त्यामुळे ते 15 प्रश्न म्हणजे आनंदच आणि चुकलं की मायनस वन. रँक अशी आली की प्रत्येक राऊंडला वाटायचं आता लागेल आता लागेल. नाही लागलं. नेस्टच्या मेरिट लिस्टमध्ये नाव आहे पण सीईबीएसला जागाच जेमतेम पन्नास-साठ, तिथवर आमचा नंबर कुठला पोचतोय.

रडून वगैरे झालंय. त्रास आता वेगळाच होतोय. माझी एक मैत्रीण, आम्ही दोघी अभ्यासिकेत शेजारी शेजारी बसून जुने पेपर सोडवायचो, तिला पुणे मिळालं. ती खूप चांगली आहे हो, तिने टोमणा मारलेला नाही की काही नाही. पण परवा म्हणाली वाशीला येतेस का बॅग घ्यायला, आणि मी गेले. दुकानात ती एकेका बॅगची चाकं फरशीवर फिरवून बघत होती आणि मी मोठ्या मनाने "ही निळी घे, मळत नाही" वगैरे सांगत होते. घरी आले ती जेवलेच नाही.

बाबांचं म्हणणं, सीईटीचा स्कोअर आहे, इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशाचा फॉर्म भरलाय, कॉम्प्युटर कुठेतरी लागेल, घे आणि मोकळी हो. इकडे ठाण्याच्या एका कॉलेजात बीएस्सीला नाव लागलंय, फी भरायची मुदत चालू आहे. आत्या फोनवर म्हणाली "अगं साधं बीएस्सी? एवढे क्लास लावून?"

तर ड्रॉप घेऊ का? आणि ज्या विषयासाठी एवढं केलं तोच समोर आला की पोटात गोळा येतो, हे जातं का कधी?

घोडबंदर_ट्रॅफिक
आधी आत्याचे फोन उचलणं बंद कर. बाकीचं लोक सांगतीलच.

जर्नल_कम्प्लीट
अगं ऐरोली, तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, जातं. पण पुस्तक उघडून जात नाही, निदान माझं तरी तसं गेलं नाही. माझ्या वेळी केव्हीपीवाय ही सायन्सच्या स्कॉलरशिपची परीक्षा होती (नंतर बंद केली ती), तीही गेली आणि आयसरही गेलं. मग ठाण्यात बीएस्सी फिजिक्स, मग जाम (एमएस्सीची प्रवेश परीक्षा) देऊन एमएस्सी, आता पीएचडी चालू आहे.

गोडगोड बोलणार नाही, आयसरला जे आहे ते साध्या कॉलेजात नाही. तिथे शिकवणारा माणूस स्वतः रिसर्च करत असतो आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षातलं पोरगं त्याच्या दारावर टकटक करू शकतं, आजूबाजूला सगळे त्याच वेडाचे. कॉलेजात वर्गात निम्मे जण "दुसरं काही मिळालं नाही म्हणून" आलेले असतात आणि बराच वेळ जर्नल लिहिण्यात आणि त्यावर सही घेण्यात जातो. हे मान्य करूनच जा म्हणजे ऑक्टोबरमध्ये धक्का बसणार नाही.

पण माझा गोळा गेला कुठे ते सांगतो. पहिल्या वर्षी स्पेक्ट्रोमीटरचं प्रॅक्टिकल होतं. त्यात आधी दुर्बीण लांबच्या वस्तूवर फोकस करायची असते, म्हणजे आत येणारे किरण समांतर धरता येतात. तर आमच्या लॅबच्या खिडकीतून लांबच्या एका बिल्डिंगवरची पाण्याची टाकी दिसायची, आणि ती दिसते उलटी. तास संपला तरी मी ती उलटी टाकीच बघत बसलेलो. मग प्रिझम ठेवून सोडियमची ती पिवळी रेघ सरकत सरकत येते, एका जागी थांबते आणि तू प्रिझम त्याच दिशेने फिरवत असतानाच ती मागे वळते, मिनिमम डेव्हिएशन. बारावीला मी ते सूत्र पाठ करून दहा गणितं सोडवली होती, रेघ वळताना कधी बघितली नव्हती. त्या दिवशी रँक-बिंक काही आठवलं नाही. तेव्हा आत्ता पुस्तक नाही उघडलंस तरी चालेल, हाताने काहीतरी कर.

आता कामाचं. तू हार्बरच्या बाजूची आहेस, वाशीच्या पुढचं स्टेशन कुठलं? मानखुर्द. तिथे होमी भाभा सेंटर फॉर सायन्स एज्युकेशन आहे, टीआयएफआरचंच (टाटांच्या नावाची ती मोठी रिसर्च संस्था), ऑलिंपियाडचे कॅम्प जिथे होतात ते. त्यांचा एनआययूएस म्हणून प्रोग्राम आहे, 2004 पासून चालू, खास साध्या कॉलेजांतल्या बीएस्सीच्या पोरांना रिसर्चची चव मिळावी म्हणून. पहिल्या वर्षापासूनच त्यांच्या साईटवर डोळा ठेव. उन्हाळ्यासाठी तिन्ही सायन्स अकॅडमींची मिळून समर फेलोशिप असते, दोन महिने खऱ्या लॅबमध्ये काम. आणि बीएस्सीनंतर जाम आहे फेब्रुवारीत, त्यावर आयआयटी, आयआयएस्सी आणि काही आयसरसुद्धा घेतात, टीआयएफआरची वेगळी परीक्षा साधारण डिसेंबरात. म्हणजे ज्या दारातून तू परत आलीस त्याच बिल्डिंगला तीन वर्षांनी दुसरा जिना आहे, आणि त्या जिन्यावर बायोचे 15 प्रश्न नाहीत, फिजिक्सचा पेपर म्हणजे फिजिक्सचाच.

जेईई_सर्व्हायव्हर
मी उलटं सांगणार. ड्रॉप घे. आयएटीला आत्तापर्यंत चालू वर्षी किंवा आदल्या वर्षी बारावी झालेले चालत आलेत, म्हणजे तुला एक चान्स आहे. तुझं फिजिक्स मॅथ्स आहेच, बायोचे एनसीईआरटी दोन-तीन महिन्यांत होतं, 60 मार्क आहेत ते! सीट थोडक्यात हुकली म्हणतेस तर एक वर्षाने काय बिघडतंय, पंचविशीत कोण विचारतो तू अठराव्या वर्षी काय करत होतीस

जर्नल_कम्प्लीट
बायोचं गणित बरोबर आहे तुझं. पण नुसतं घरी बसून ड्रॉप घेऊ नको एवढंच म्हणतो. बीएस्सीला नाव घाल, कॉलेज कर, आणि आयएटीची तयारी सोबत चालू ठेव, पहिल्या वर्षाचा अभ्यास आणि आयएटीचं फिजिक्स मॅथ्स वेगळं नाहीये फार. लागलं तर एक वर्ष सोडून जा, नाही लागलं तर वर्ष तुझ्या हातात. फक्त पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक आलं की पात्रतेची ओळ स्वतः वाच, यूट्यूबवाल्यांवर विसंबू नको.

जेईई_सर्व्हायव्हर
हे चालेल. पण हाजिरीचा त्रास होईल तिला.

नेरुळची_आई
बाळा, मी यातलं फिजिक्सचं काही समजत नाही पण तुझ्या बाबांच्या बाजूने दोन शब्द. आमच्याकडे मुलाच्या वेळी हेच झालं. आम्ही आईवडील घाबरलेले असतो आणि घाबरलेला माणूस "कॉम्प्युटर घे" असंच बोलतो कारण शेजारच्या चार मुलांचं त्यात बरं झालेलं दिसतं. बीएस्सी करून पुढे काय, हे त्यांना माहीतच नसतं ग. वर त्या दादाने जे लिहिलंय ना, जाम काय, ती मानखुर्दची संस्था काय, ते कागदावर लिही, तारखांसकट, आणि जेवणं झाल्यावर समोर ठेव. रडत सांगितलंस तर ते अजून घाबरतील. आमच्या ह्यांना मुलाने असंच लिहून दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि पहिला प्रश्न काय विचारला, तर स्टायपेंड किती मिळतो! म्हणजे तिथेच काम झालं.

आणि मैत्रिणीसोबत बॅग घ्यायला गेलीस ते चांगलं केलंस पण आता स्टेशनवर सोडायला वगैरे जायची सक्ती करून घेऊ नकोस. "मला थोडे दिवस दे" असं सांगता येतं, खरी मैत्रीण असेल तर रागावणार नाही. जेवण मात्र सोडायचं नाही. झोप लागत नाही, भलतेसलते विचार येतात असं वाटलं तर टेली-मानसला फोन कर, 14416, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात. लाज वाटून घ्यायची नाही.

खोपट_सायन्स_क्लब
सगळ्यांना बायोकेमिस्ट कमलाबाई सोहोनी आठवल्या नाहीत याचं आश्चर्य वाटतंय. 1933 साली मुंबईची बीएस्सी, मार्क उत्तम, तरी बंगलोरच्या आयआयएस्सीमध्ये सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून नाही म्हटलं. त्या हटल्या नाहीत, अटींवर का होईना आत शिरल्या, 1939 ला केंब्रिजची पीएचडी, पुढे मुंबईच्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या डायरेक्टर झाल्या. दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण.

जर्नल_कम्प्लीट
कमलाबाई ग्रेटच पण इथे उदाहरण बसत नाही हो. त्यांना माणूस बघून नाकारलं, तो अन्याय होता, म्हणून त्या भांडल्या आणि भांडणं बरोबर होतं. ऐरोलीला कोणी बघितलंच नाहीये, एका यादीत रेघ मारली आणि ती रेघेच्या खाली आली. इथे कोणाशी भांडणार? उलट हे बरं आहे, कोणीही तिचं फिजिक्स तपासून "तुला जमत नाही" म्हटलेलं नाही. तसं वाटत राहतं तेच तर खरं दुखणं आहे.

खोपट_सायन्स_क्लब
मुद्दा मान्य. मग एवढंच सांगतो, टीआयएफआरवाले "चाय अँड व्हाय" करतात, पृथ्वी थिएटरला रविवारी सकाळी, तिकीट नाही काही नाही, कोणीही बसा आणि वाट्टेल ते विचारा. ऐरोलीहून जुहू म्हणजे लांब पडतं पण एखाद्या रविवारी जाऊन ये. परीक्षेचा संबंध नसलेलं सायन्स ऐकून बघ.

ऐरोलीची_पोर
सगळ्यांना थँक्यू, खरंच. दादा ते रेघेवालं दोन-तीनदा वाचलं. काकू, कागद लिहिला, बाबांनी वाचला, आणि तुम्ही म्हणालात तस्संच, स्टायपेंडचंच विचारलं. अजून हो म्हणालेले नाहीत पण फी भरायला उद्या ठाण्याला सोबत येतायत, म्हणजे बहुतेक हो. कॅपचा फॉर्म राहू दे म्हणाले, तो राहू दे मग. मैत्रिणीला अजून काही बोलले नाहीये, ते जमेल असं वाटत नाही इतक्यात.

आयएटी पुन्हा द्यायची की नाही ते दिवाळीपर्यंत ठरवते. एकच विचारायचंय, कॉलेजच्या फॉर्ममध्ये मेजर फिजिक्स आणि मायनर निवडायला सांगितलंय, मॅथ्स घेऊ की केमिस्ट्री? केमिस्ट्रीची लॅब चांगली आहे म्हणे तिकडे.

जर्नल_कम्प्लीट
मॅथ्स. लॅब कितीही चांगली असू दे, मॅथ्स. आणि फी भरल्याची पावती जपून ठेव, मला नंतर दोनदा मागितली होती.

घोडबंदर_ट्रॅफिक
आत्याचं काय झालं पण