गिअरलेस स्कूटर ही ‘गाडीतले न कळणाऱ्यांची’ गाडी आहे काय?

मंदगती

परवा ‘कृष्णाकाठ’ यांनी असे मत मांडले, की ज्याला गाडीतले काही कळत नाही तोच गिअरलेस स्कूटर घेतो: चाक बारके, इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा रबरी पट्टा, लिटरमागे पंधरा किलोमीटरने कमी अ‍ॅव्हरेज, आणि एवढे असूनही केवळ शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही घ्यायची. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे, असे प्रथम वाटले होते. परंतु ‘कळत नाही’ हे शब्द दोन दिवस डोक्यातून जाईनात, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

आमच्या पुण्यातल्या घरी सतरा वर्षे शंभर सीसीची मोटारसायकल होती. ती उत्तम होती, तिने कधी दगा दिला नाही, आणि तिचा मला काडीचाही उपयोग नव्हता. पती कामावर गेले की गाडीही जाई, आणि ते घरी असले तरी सासूबाईंना गुडघ्याच्या व्यायामासाठी न्यायचे तर त्यांची झोप पूर्ण होण्याची वाट पाहावी लागे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मी स्कूटर शिकले, तीही आठवडाभरात, कारण क्लच आणि गिअर यांच्याशी झुंजावे लागले नाही. आज तीच गाडी मी, पती आणि मुलगा असे तिघे चालवतो. माझे म्हणणे एवढेच आहे, की घरात एकच दुचाकी घ्यायची असेल, तर ती घरातल्या सर्वांत कच्च्या चालकाला झेपणारी असावी. सर्वांत पक्क्या चालकाला काय आवडते, हा नंतरचा प्रश्न आहे.

शिवाय पायांपुढच्या सपाट जागेचा विचार कोणी करतच नाही. संपलेला सिलिंडर, तांदळाचा कट्टा, दळणाचा डबा हे सारे तिथे बसते, आणि भाद्रपदात गणपतीही तिथूनच घरी येतो. मोटारसायकलवर गणपती आणायचा तर मागे मूर्ती धरून बसणारा माणूस वेगळा लागतो. नऊवारीतल्या सासूबाईंसाठी तुमच्या मोटारसायकलला मागच्या चाकावर नियमाप्रमाणे जाळी असते, हे मान्य आहे. पण जाळी असली तरी त्या उंच सीटवर त्यांना चढवणार कोण?

कृष्णाकाठ

ताई, आपले लेखन वाचून आनंद झाला, कारण माझ्या एकाही मुद्द्याला आपण हात लावलेला नाही. मी चाकाविषयी बोललो होतो, आपण गणपतीविषयी बोललात.

मी कराडजवळच्या गावातून रोज जाऊन-येऊन ४० किलोमीटर प्रवास करतो. महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर वर्षाला १२,००० किलोमीटर होतात. लिटरला ६० देणाऱ्या मोटारसायकलला त्यासाठी २०० लिटर पेट्रोल लागते आणि ४५ देणाऱ्या स्कूटरला सुमारे २६७ लिटर. पेट्रोल शंभरीच्या वर गेल्यापासून हा फरक वर्षाला ७,००० रुपयांच्या आसपास पडतो. पुण्यात पाच किलोमीटरच्या परिघात भाजी आणणाऱ्यांना तो जाणवणार नाही, हे मी समजू शकतो.

दुसरी गोष्ट खड्ड्यांची. उसाचा हंगाम सुरू झाला की ट्रॉल्यांनी आमच्या रस्त्याला चाकोऱ्या पडतात, त्यांत वाटेत सांडलेला ऊस. १८ इंची चाक ज्या खड्ड्यावरून नुसते हिंदकळत जाते, त्याच खड्ड्यात १० इंची चाक आत उतरते आणि मग पुढच्या काठावर आपटते. माझ्या मेहुण्याचे मनगट अशाच खड्ड्यात मोडले आणि तो स्कूटरवरच होता. सासूबाईंच्या गुडघ्याइतकेच त्याचे मनगटही मोलाचे आहे.

भारवाहक

आपण दोघेही शोरूमच्या बाहेरून बोलत आहात. सातारा, सांगली आणि कोल्हापूर या जिल्ह्यांत शेतावर खरे काम करणारी गाडी म्हणजे टीव्हीएसची एक्सएल, आणि तिचे नाव घ्यायला येथे सर्वांना लाज वाटते. गिअर नाही, चाक १६ इंची, मागची सीट काढून ठेवता येते, आणि त्या जागी दोन दुधाचे कॅन, खताचे पोते किंवा वैरणीचा भारा मावतो. माझ्या वडिलांनी आयुष्यात दुसरी गाडी चालवली नाही, आणि गाडीतले कळते की नाही, असे त्यांना विचारण्याची कोणाची छाती झाली नाही. मुलीकडच्यांना मात्र एक्सएल दाखवायची नसते. त्या दिवसापुरती चुलतभावाची मोटारसायकल दारात उभी केली जाते.

जुनी किल्ली

या चर्चेत मूळ दोषाकडे सर्वांचेच दुर्लक्ष होत आहे. आजच्या एकाही दुचाकीला स्टेपनी नाही. आमच्या बजाज चेतकला मागे स्टेपनी होती, चाक मोटारीप्रमाणे एका बाजूने नटांवर बसत असे, आणि पुढचे-मागचे चाक एकाच मापाचे असल्यामुळे एकच स्टेपनी दोन्हीकडे चाले. खंबाटकी घाटात रात्री साडेदहाला पंक्चर झालेले चाक मी पत्नीने धरलेल्या विजेरीच्या उजेडात वीस मिनिटांत बदलले आहे. आज आपली स्कूटर त्याच जागी पंक्चर झाली तर आपण काय कराल? फोन लावाल. मागचे चाक काढायचे म्हटले तरी आधी सायलेन्सर उतरवावा लागतो, आणि बऱ्याच नव्या मॉडेलांत पुढचे चाक १२ इंची व मागचे १० इंची असे करून ठेवल्यामुळे स्टेपनी दिली तरी ती एकाच चाकाला बसेल.

मंदगती

काका, आता ट्यूबलेस टायर असतात. खिळा रुतला तरी हवा हळूहळू जाते आणि माणूस दुकानापर्यंत पोचतो. राहता राहिले चाक. चेतकचे चाकही १० इंचीच होते. ‘कृष्णाकाठ’ यांच्या हिशेबाने त्या काळातला अर्धा महाराष्ट्र मनगट मोडून घरी बसायला हवा होता.

कृष्णाकाठ

तेव्हा रस्त्यांवर एवढे खड्डे नव्हते आणि चेतकचा वेगही बेताचा होता. चेतकला मी या वादात आणलेले नाही. परंतु स्टेपनीचा मुद्दा योग्य आहे, आणि ‘जुनी किल्ली’ यांनी तो काढला याबद्दल त्यांचे आभार. ट्यूबलेस टायरची बाजू कापली गेली तर तोही जागेवरच बसतो.

चार्जिंग बोर्ड

१९७२ साली आलेल्या गाडीची स्टेपनी २०२० नंतरच्या चर्चेत कशाला हवी, हे मला समजत नाही. चेतक मिळवण्यासाठी नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे, परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला मात्र ती लवकर मिळे, आणि पर्याय नसल्यामुळेच लोक तिच्यावर प्रेम करीत. सकाळी सुरू होईना म्हणून एका अंगावर कलती करून मग किक मारणारे काका मी लहानपणी रोज पाहिले आहेत. प्लग काळा पडे, पंपावर पेट्रोलमध्ये तेल मोजून मिसळावे लागे, आणि मागे निळा धूर. त्याच नावाची विजेवरची चेतक मी पुण्यात चालवतो. तिला किकही नाही आणि धूरही नाही.

जुनी किल्ली

गाडी कलती करावी लागत असे ती चालवणाऱ्याच्या आळसामुळे. रात्री पेट्रोलचा कॉक बंद करून ठेवणाऱ्याची चेतक सकाळी दुसऱ्या किकला सुरू होत असे, आणि हे मी चोवीस वर्षांच्या अनुभवाने सांगतो. आपल्या लहानपणीच्या काकांना कॉक बंद करण्याची सवय नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. तेल मिसळण्याविषयी बोलायचे तर मला माझ्या गाडीच्या पोटात काय जाते ते ठाऊक होते. आपल्या गाडीच्या पोटात काय आहे ते आपल्याला तरी ठाऊक आहे काय? आणि नंबर लावून थांबलो म्हणूनच ती गाडी आम्ही जपली. आपली पिढी हप्त्यावर घेते आणि पाच वर्षांत फुंकून टाकते.

चार्जिंग बोर्ड

लायसन्स-परमिटच्या काळातल्या टंचाईला संस्कार म्हणण्याची कला आपल्याकडून शिकावी. आपल्या पिढीने थांबण्यात वर्षे घालवली, म्हणून आम्हीही थांबावे, हा युक्तिवाद मी यापूर्वी फक्त सासुरवासाच्या बाबतीत ऐकला होता.

जुनी किल्ली

वयाचा मान ठेवून बोलावे. मी आपल्याशी अद्याप आदराने बोलत आहे.

भारवाहक

एक्सएलविषयी एकाही माणसाने एक अक्षर लिहिलेले नाही, याची येथे नोंद करून ठेवतो. तिलाही स्टेपनी नाही, आणि आम्हाला तिची आठवणही होत नाही, कारण गावात पंक्चर काढणारा दुपारी झोपलेला असला तरी उठून काढून देतो.

मंदगती

स्टेपनीच्या या महाचर्चेत मूळ प्रश्न कुठल्या कुठे गेला आहे. ‘कृष्णाकाठ’ यांना मी सरळ विचारते: आपल्या घरात ती १८ इंची चाकांची, ६० अ‍ॅव्हरेज देणारी गाडी आपल्याशिवाय कोण चालवते?

‘चार्जिंग बोर्ड’ यांनाही एक प्रश्न आहे. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो, आणि पार्किंगमध्ये बोर्ड बसवायचा विषय सोसायटीच्या तीन सभांत वीजबिल कोणी भरायचे यावरच संपला. विजेची स्कूटर मलाही हवी आहे, पण तिची तार पाचव्या मजल्यावरून खाली सोडायची काय?

चार्जिंग बोर्ड

आमच्याकडे वेगळा मीटर घेतला, पण त्यासाठी एक वर्ष आणि दोन भांडणे लागली. तो मुद्दा मान्य. चेतकचा मुद्दा मान्य नाही.

कृष्णाकाठ

ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर असे, की माझ्याशिवाय ती कोणीही चालवत नाही. पत्नीने दोनदा प्रयत्न केला. पहिल्या गिअरमध्ये गाडीने उडी घेतली आणि गोठ्याची ताटी मोडली, त्यानंतर तिने हँडलला हात लावलेला नाही. मुलीला अकरावीच्या क्लासला सोडायला आणि आणायला मीच जातो, आणि त्यात माझे रोज दोन तास जातात. हे दोन तास मी पेट्रोलच्या हिशेबात धरले नव्हते. आपल्याला हेच ऐकायचे होते ना, मग ऐका. तरीही माझ्या रस्त्यावर, माझ्या ४० किलोमीटरला १० इंची चाक मी घेणार नाही, आणि स्कूटर घेतलीच तर ती गावापुरती, पत्नीच्या नावावर आणि पुढचे चाक १२ इंची असलेली घेईन. यात आपले म्हणणे पटले असा अर्थ कृपया काढू नये.

मंदगती

अर्थ काढत नाही. रंग वहिनींना निवडू द्यावा.

जुनी किल्ली

माझी चेतक पंधरा वर्षांपूर्वी विकली गेली, परंतु तिच्या स्टेपनीचे रेक्झिनचे कव्हर अद्याप माळ्यावर चांगल्या स्थितीत आहे. जुनी गाडी कोणी सांभाळत असल्यास मी ते विनामूल्य देईन. मात्र ‘चार्जिंग बोर्ड’ यांनी विचारू नये.

भारवाहक

नक्की चेतकचेच आहे की बजाजच्याच सुपर स्कूटरचे, ते आधी पाहून सांगावे. सुपरचे चाक ८ इंची होते. चुलत्यांची चेतक गोठ्यात उभी आहे आणि तिच्या स्टेपनीवर सध्या खताची पिशवी बांधलेली आहे.